नन्नाबाईंची टाकी

नन्नाबाई हे नाव त्यांना एका बैठकीत पडलं. कुणीतरी विचारलं, औषधाची ही खेप जरा लवकर सोडता येईल का? बाई म्हणाल्या, नाही. तपासणीतला एखादा टप्पा गाळला तर? नाही. निदान निकाल आधी तोंडी तरी सांगाल? नाही. तेव्हा कोपऱ्यात बसलेला मिस्त्री शेजाऱ्याच्या कानाला लागून म्हणाला, "आपल्या बाईंचा नन्नाचा पाढा अगदी तोंडपाठ आहे." तो हळू बोलला होता, पण मिस्त्रीचं हळू म्हणजे दुसऱ्याचं ओरडणं. सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. संध्याकाळपर्यंत नाव इमारतभर झालं, आणि पुढे तर नव्याने आलेली माणसं हेच खरं नाव समजून पत्रावर लिहायला निघाली.

मिस्त्रीही तसा मिस्त्री नव्हता. चांगला शिकलेला इंजिनियर होता. पण खिशात कायम पाना, गुडघ्यावर कायम डाग, आणि यंत्र बिघडलं की त्याच्याशी गप्पा मारत बसायची सवय. म्हणून मिस्त्री.

बाईंचा विभाग दुसऱ्या मजल्यावर. आत जायचं तर बूट काढा, झगा चढवा, टोपी, मास्क, हातमोज्यांवर हातमोजे. शेवटी माणसाचे फक्त डोळे उरत. तिथे पेशी वाढवल्या जात. एका निरोगी माणसाने कधीकाळी रक्त दिलं होतं. त्यातल्या पेशींना प्रयोगशाळेत पुन्हा पार बाळपणात नेलेलं होतं, म्हणजे मूळ पेशी केलेलं होतं, आणि त्यांच्या कुप्या गोठवून ठेवलेल्या होत्या. मूळ पेशीपासून शरीरातलं काहीही घडू शकतं. बाईंची माणसं त्यांना टप्प्याटप्प्याने वाढवत, वळण लावत, आणि शेवटी त्यांच्या रोगप्रतिकारक पेशी करत. त्याही साध्यासुध्या नव्हेत. कर्करोगाची पेशी दिसली की तिला चिकटायचं आणि तिचा जीव घ्यायचा, एवढं एकच काम त्यांना ठाऊक. कागदावर त्यांचं नाव लांबलचक होतं. मजल्यावर सगळे त्यांना मारेकरी म्हणत.

या औषधाचं सगळं मोठेपण एकाच गोष्टीत होतं. रोग्याच्या स्वतःच्या पेशी काढा, त्या सुधारा, परत द्या, असली यातायात इथे नव्हती. एकाच बियाण्यातून हजारो माणसांसाठी पीक काढता यावं, गोठवून ठेवावं, लागेल तेव्हा द्यावं. निदान ठरलं तरी तसं होतं. प्रत्यक्षात मात्र छोट्या छोट्या चपट्या बाटल्यांमधून, हाताने, एका खेपेला एका माणसापुरतं औषध निघत होतं, आणि तेवढं करतानासुद्धा विभागाच्या नाकी नऊ येत.

एका दुपारी रुग्णालयातले डॉक्टर आले. उंच, खांद्यात वाकलेले, बसले की खुर्चीत मावत नाहीत असे. चहा आला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

"माझ्याकडे दोन रुग्ण आहेत," ते म्हणाले. "दोघांनाही बाकीची औषधं लागू पडलेली नाहीत. दोघंही चाचणीच्या नियमांत बसतात. आणि तुमची खेप एक."

"कोण आहेत?"

"तसं सांगायचं नसतं." मग त्यांनी सांगितलंच. "एक वेल्डर आहे, तिशीतला. दुसऱ्या बाई पोहायला शिकवायच्या. अर्धं शहर त्यांच्या हाताखालून पाण्यात उतरलंय. बुधवारी निवड समिती बसेल. उत्पादनाच्या बाजूने तुम्ही."

"उत्पादनाची बाजू एवढीच की माल कमी आहे," बाई म्हणाल्या. "मी बसणार नाही."

"मॅडम, कुणाला तरी ठरवावं लागेल."

"का? औषध कमी करतो आम्ही, आणि त्याची शिक्षा त्या दोघांतल्या एकाला? मी तिथे बसून बोट दाखवायचं, हा जगू दे, ही राहू दे? नाही जमणार मला. दोघांपुरतं करू."

"तुमची एक खेप काढताना माणसं आडवी होतात. दोन कुठून काढाल?"

काचेपलीकडच्या दालनात प्लास्टिकचं आवरण घातलेली एक उंच वस्तू उभी होती, तिच्याकडे बाई बघत राहिल्या.

ती होती टाकी. पोलादाची, पुरुषभर उंचीची, पोटात ढवळायला पाती असलेली. बाटल्यांऐवजी सगळं पीक एकाच टाकीत वाढवायचं या इराद्याने ती मोठ्या थाटात आणली होती. तिच्यासाठी बाहेरून एक सल्लागार आले होते. त्यांनी दोनदा प्रयोग केला. दोन्ही वेळा पेशी मेल्या. सल्लागारांनी निदान केलं, की या पेशी फार नाजूक आहेत, टाकीतलं ढवळणं त्यांना सोसत नाही, पात्यांनी त्या फाटतात. म्हणून दुसऱ्या खेपेला पाती अगदी हळू फिरवली. पेशी आणखी लवकर मेल्या. सल्लागार निघून गेले, टाकीवर आवरण आलं, आणि टाकी हा शब्द कुणी संचालकांसमोर काढेनासं झालं.

बाईंनी तो काढला.

संचालक वाईट माणूस नव्हते. तोंडघशी पडलेले होते. दोन अपयशांचा जाब त्यांनी वरच्या मंडळींना दिला होता आणि त्याचे वळ अजून गेले नव्हते.

"बाई, ती टाकी जातेय," ते म्हणाले. "दुसऱ्या कंपनीला देऊन टाकलीय. शुक्रवारी माणसं येतील न्यायला."

"त्यात पेशी का मेल्या, हे आपण कधी नीट पाहिलं का?"

"सल्लागारांनी पाहिलं की. फाटल्या."

"फाटल्या असं ते म्हणाले. मेलेल्या पेशी कुणी पाहिल्या?"

"तुम्हाला काय म्हणायचंय, एवढा नावाजलेला माणूस चुकला?"

"मला काहीच म्हणायचं नाही, साहेब. मला बघायचंय."

त्या खेपांचे नमुने मेणात बसवून ठेवलेले होते. कुणी फेकायचेही कष्ट घेतले नव्हते. बाईंनी त्यांच्या पातळ चकत्या कापून घेतल्या, रंगवल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मूळ पेशी एकट्या राहत नाहीत, गोळे करून राहतात. संथ पाण्यात गोळ्याला गोळा चिकटत जातो. टाकीतले गोळे मोहरीएवढे झाले होते. आणि प्रत्येक गोळ्यात एकच चित्र: बाहेरची साल जिवंत, टवटवीत, आतला गाभा मेलेला. फाटल्याची खूण कुठेही नाही. आतल्या पेशींपर्यंत प्राणवायू पोचलाच नव्हता. त्या गुदमरून, उपाशी मेल्या होत्या.

बाईंनी मिस्त्रीला बोलावलं. त्याने बघितलं, डोळा काढला, पुन्हा बघितलं.

"म्हणजे आपण लाडाने मारल्या की हो," तो म्हणाला.

"हळू ढवळलं म्हणून गोळे मोठे झाले. आणखी हळू ढवळलं, आणखी मोठे झाले."

"मग जोरात ढवळायचं?"

"चांगलं जोरात. चिकटायला उसंतच द्यायची नाही."

मिस्त्रीने मान खाजवली. "साहेब परवानगी देतील?"

"नाही देणार."

"मग?"

"मग काय? टाकी स्वच्छ करायला घे."

शुक्रवारी सकाळी टाकी न्यायला माणसं आली. पट्टे, गाडा, साखळ्या, सगळा सरंजाम. दालनाचं दार उघडून बघतात तर आवरण निघालेलं, टाकी काठोकाठ पाण्याने भरलेली, वाफेने धुतलेली, दिवे लागलेले, आणि तिच्यापुढे खुर्ची टाकून बाई बसलेल्या.

"ताई, ही रिकामी असेल असं सांगितलं होतं," त्यांचा मुकादम म्हणाला.

"भरलेली आहे. चालूपण आहे."

"मग आम्ही काय करायचं?"

"चहा घ्या. तोवर साहेब येतीलच."

साहेब आले ते लाल होऊन आले. ही शिस्त का, हे कुणाला विचारून केलं, वगैरे सगळं बोलून झालं. बाई उठून उभ्या राहिल्या, पण टाकीपुढून हलल्या नाहीत. हातातले फोटो त्यांनी संचालकांपुढे धरले. गोळ्यांचे फोटो. बोट ठेवून दाखवलं, इथे जिवंत, इथे मेलेलं.

"मी लपून काही केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर पाणी भरलंय. रुग्णांसाठीच्या कुप्यांना हात लावणार नाही, संशोधनासाठी राखलेल्या वापरीन. मला एक खेप करू द्या. ही टाकी आज गेली तर दर महिन्याला ते डॉक्टर दोन नावं घेऊन येणार आणि आपण बुधवारी बसून एक खोडणार. तुम्हाला जमेल ते? दर महिन्याला?"

संचालकांनी फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मुकादम आणि त्याची माणसं फुकटचा तमाशा मिळाल्यासारखी भिंतीला टेकून उभी.

"आणि पुन्हा मेल्या तर?" संचालक शेवटी म्हणाले. "राजीनामा द्याल?"

"नाही. राजीनामा मी देणार नाही. काढायचं तर तुम्ही काढा, आणि का काढलं ते लेखी सांगा."

मिस्त्रीला खोकला आला. तो खोकला नव्हता, हसू होतं, हे सगळ्यांना कळलं. संचालकांनी त्याच्याकडे एकदा जळजळीत पाहिलं, मग मुकादमाकडे वळले आणि म्हणाले, "महिन्याभराने या." पुढे बाईंना म्हणाले, "एकच खेप."

घरी बाई आणि त्यांच्या सासूबाई अशा दोघीच. नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. सासूबाई रुग्णालयात मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण निवृत्ती त्यांना मानवली नव्हती. शेजाऱ्यांच्या जखमा, कुणाचं ब्लडप्रेशर, कुणाचं बाळ, सगळीकडे त्यांचं नाक. सुनेने सगळं सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या.

"खुर्ची टाकून बसलीस?"

"हो."

"अगं, उभं राहायचं होतं. बसलेल्या माणसाला उचलून बाजूला ठेवता येतं." त्यांनी एक देठ मोडला. "आणि तो उंच डॉक्टर का? शिकायला आला तेव्हा सुई टोचताना जीभ बाहेर काढायचा. मी सांगितलं होतं, जीभ आत ठेव, रोगी घाबरतो. अजून काढतो का?"

"आई, मला भीती वाटतेय."

"कशाची? नोकरीची?"

"खेप फसण्याची. मीच तोंड वर करून बोललेय सगळ्यांसमोर."

"मग आता तोंड खाली करून काय उपयोग?" सासूबाई म्हणाल्या. "जेव आणि झोप. घाबरायचं ते पोटभर जेवून घाबरावं."

खेप सुरू झाली. बाईंनी पात्यांचा वेग इतका ठेवला की मिस्त्रीनेही एकदा विचारून खात्री करून घेतली. आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. टाकीतलं द्रव गढूळ झालं. नमुना काढला तर मेलेल्या पेशींचा खच.

बातमी वर पोचायला वेळ लागला नाही. संचालक झगा-टोपी चढवून आत आले. टोपी उलटी घातली होती.

"वेग कमी करा."

"नाही, साहेब."

"डोळ्यांना दिसतंय ना? मरतायत!"

"काही मरणारच. बाटलीत सोडल्यावरही मरतात, तिथे तळाला बसतात म्हणून दिसत नाहीत. ज्या तग धरतील त्यांचे गोळे बघू. आत्ता वेग कमी केला तर पुन्हा तेच होईल, आणि मग तिसऱ्यांदाही कळणार नाही की काय चुकलं."

"मी सांगतोय कमी करा."

बाईंनी वेगाच्या बटणावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मास्कमागे दोघांचे फक्त डोळे. मिस्त्री, चष्मेवाली तंत्रज्ञ, सगळे आपापल्या जागी थिजलेले.

"माझा हात काढायला लागेल तुम्हाला," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता.

संचालकांनी हात काढला नाही. वळून गेले. दार आपोआप हळूच बंद होणारं होतं, त्यामुळे आपटताही आलं नाही.

पुढच्या नमुन्यात गढूळपणा ओसरला होता. त्याच्या पुढच्यात गोळे दिसले: रव्याच्या कणांएवढे, एकसारखे, गोल. चकत्या कापून पाहिल्या तर सालीपासून गाभ्यापर्यंत सगळं जिवंत. मिस्त्रीने टाकीच्या पोटावर थाप मारली आणि म्हणाला, "शाब्बास गं म्हशी!" बाईंनी त्याला यंत्राला हात न लावायची समज दिली, पण त्याही डोळे मिचकावत होत्या, आणि ते हसण्याने नव्हतं.

मग आठवडे गेले. गोळ्यांतून हळूहळू रक्तपेशींच्या आया जन्मल्या, त्यांच्यापासून मारेकरी. संख्या मोजली तेव्हा चष्मेवालीने यंत्र बिघडलं समजून पुन्हा मोजली. बाटल्यांच्या कितीतरी खेपा एकत्र केल्या असत्या तरी एवढ्या निघाल्या नसत्या. संचालक स्वतः विभागात आले, सगळ्यांचे हात हातात घेतले, आणि वरच्या मंडळींना कळवायला निघाले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मारण्याची परीक्षा व्हायचीय."

परीक्षा साधी होती. कर्करोगाच्या पेशींना आधी चमक देऊन ठेवायची, त्यांच्यात मारेकरी सोडायचे. शत्रू मेला की उजेड मंदावतो. बाटलीतल्या मारेकऱ्यांपुढे उजेड जवळजवळ विझून जाई. टाकीतल्या मारेकऱ्यांपुढे तो निम्म्यावर येऊन रेंगाळला. चष्मेवालीने परीक्षा पुन्हा केली. पुन्हा निम्मा.

"जिवंत आहेत, धडधाकट आहेत," संचालक म्हणाले. "थोड्या मंद आहेत, एवढंच. रुग्णांच्या कुप्यांतून अशीच खेप काढू आणि दुप्पट देऊ. संख्या तर भरपूर निघते."

"नाही."

"बाई, आता तरी पुरे! तुम्हीच म्हणत होता ना, टाकी चालते? चालली. तुम्ही जिंकलात. मग आता का आडवं लावताय?"

"मी जिंकायला नव्हते आले. आळशी शिपाई दुप्पट पाठवले म्हणून लढाई जिंकत नाही. आणि मंद का झाले हे माहीत नसताना ते माणसाच्या अंगात सोडायचे? पुढच्या खेपेत पाव निघाले तर चौपट सोडायचे?"

"तुमचं नाव उगाच नाही पडलं," संचालक म्हणाले, आणि यावेळी त्यात गंमत नव्हती.

या दरम्यान दुसरीकडे डॉक्टरांनी आपला निर्णय घेऊन टाकला होता. समिती बसवलीच नाही. वेल्डरची तब्येत झपाट्याने ढासळत होती, म्हणून हाताने केलेली खेप त्याला दिली, आणि पोहण्याच्या शिक्षिकांना जुन्याच औषधांवर रेटत ठेवलं. ते त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की आपल्या नकाराची किंमत एक माणूस रुग्णालयात पडून मोजतंय आणि त्याला ते ठाऊकही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या रुग्णालयात गेल्या. डॉक्टर म्हणाले, असं कुणी करत नाही. बाई म्हणाल्या, त्यांची हरकत नसेल तर मी करते. शिक्षिकांना विचारलं. त्या म्हणाल्या, येऊ द्या, भेटायला येणाऱ्यांचा इथे दुष्काळ आहे.

खिडकीजवळची खाट. रुंद खांद्यांच्या बाई, डोक्यावर केस नाहीत, मांडीवर अर्धवट विणलेलं काहीतरी. नन्नाबाई उभ्याउभ्याच बोलल्या. मोठ्या टाकीत तुमच्या कामाचं औषध भरपूर तयार होतंय, पण ते पुरेसं जोरकस नाही, देऊ नका असं मी सांगितलंय. पुन्हा करायला वेळ लागेल. तो वेळ तुमचा जातोय.

शिक्षिकांच्या विणकामाच्या सुया थांबल्या.

"राग येतोय मला," त्या म्हणाल्या.

"यायलाच हवा."

"तुमचा नाही. म्हणजे तुमचापण थोडा." त्यांनी सुई बाईंवर रोखली. "तीस वर्षं मी मुलांना पाण्यात ढकललं. दोरी बांधून ढकलायचे. दोरी कच्ची असली तर? आहे एवढी घ्या, दोन बांधा, असं मला कुणी म्हणालं असतं तर मी त्यालाच ढकललं असतं. जा तुम्ही. पक्की करून आणा. पण चालत जाऊ नका, पळत जा."

बाई पळत गेल्या नाहीत, पण त्या दिवसापासून विभागात कुणी निवांत बसलेलं दिसलं नाही. एकेक शक्यता तपासली. वेगाने बिघडलं का? नाही. प्राणवायू कमी पडला का? नाही. मग बाईंनी चष्मेवालीला टाकीतल्या द्रवाचा नमुना तासातासाने काढायला लावला. मारेकऱ्यांना जागं, तल्लख ठेवणारं एक द्रव्य त्यांच्या खुराकात असतं. बाटल्यांत ते एक दिवसाआड घालत. तिथे गर्दी कमी, ते पुरायचं. टाकीत गर्दी इतकी, की घातलेलं द्रव्य संध्याकाळच्या आत फस्त व्हायचं. पुढच्या खुराकापर्यंत सगळी फौज पेंगत बसायची. पेंगून पेंगून कामच विसरली.

"पंक्तीत एकदाच वाढून उपयोग नाही," बाई म्हणाल्या. "सतत थेंब थेंब सोडत राहायचं."

मिस्त्रीने पंप बसवला. संचालकांकडे दुसरी खेप मागायला बाई गेल्या तेव्हा टेबलावर टाकी घेणाऱ्या कंपनीचा, पाठवणी पुन्हा ठरवणारा निरोप पडला होता. बाई उभ्या राहिल्या. संचालकांनी तो निरोप उचलला, चुरगाळला आणि टोपलीत टाकला.

"मी 'नाही' म्हणालो त्यांना," ते म्हणाले. "बघतोय कसं वाटतं ते."

"कसं वाटतं?"

"फोन वाजला की भीती वाटते."

"वाटते," बाई म्हणाल्या. "मलाही वाटते."

दुसऱ्या खेपेत उजेड विझला. चष्मेवालीने अंधारलेला पडदा सगळ्यांना दाखवला. काळ्या पडद्याचं एवढं कौतुक त्या मजल्यावर पहिल्यांदाच झालं. मग रुग्णांसाठीच्या कुप्या वापरून रीतसर खेप केली. परवानगी खात्याची माणसं आली, त्यांनी बाईंना प्रश्नांनी भंडावून सोडलं, आणि बाईंनी त्यांनाही तीनदा नाही म्हटलं. बाटलीतला आणि टाकीतला मारेकरी एकसारखा आहे, हे पटवून देता देता सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला. पण पटलं. पिशव्या भरल्या, गोठवल्या, आणि जिथे एकच पिशवी एकटी पडलेली असायची त्या शीतपेटीत त्या ओळीने उभ्या राहिल्या.

पोहण्याच्या शिक्षिका तोवर तग धरून होत्या. त्यांना पहिला डोस मिळाला तेव्हा सासूबाई वॉर्डात होत्या. कुणी बोलावलं नव्हतं, मेट्रनला कोण अडवणार? घरी येऊन त्यांनी अहवाल दिला: ताप आला, थंडी वाजली, सकाळी ताप उतरला. डॉक्टरने जीभ बाहेर काढली नाही. काही आठवड्यांनी तपासणीत गाठी निम्म्याहून लहान झालेल्या दिसल्या. पूर्ण गेल्या नव्हत्या. जातील, असं कुणी छातीठोकपणे सांगितलंही नाही. शिक्षिकांनी मात्र वॉर्डातल्या दोन परिचारिकांना पोहायला शिकवण्याचं नक्की करून टाकलं होतं.

आणि एका सकाळी डॉक्टरांचा फोन आला. आवाज पडलेला.

"वेल्डरचं सांगायचं होतं. छान चाललं होतं, तुम्हाला कळवलं होतं मी. कामावर जायची भाषा करत होता. पण रोग आलाय परत. कालच्या तपासणीत." ते थांबले. "एका डोसवर राहिला तो, मॅडम. या पेशी शरीरात फार दिवस टिकत नाहीत, हे आपल्याला माहीत होतं. त्याला पुन्हा पुन्हा द्यायला हवं होतं. तेव्हा नव्हतंच."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्याची बहीण बाहेर बसलीय. आता काही उरलं नाही ना, असं विचारतेय. काय सांगू?"

"काय सांगू म्हणजे?" बाईंचा आवाज एकदम चढला, इतका की मिस्त्री पाना हातात धरून दारात आला. "उरलं नाही असं सांगणार होतात?"

"तसं नाही. पण दुसरा डोस मागायचा म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तोंडचा..."

"कुणाच्याही तोंडचा नाही! डॉक्टर, ते दिवस गेले. शीतपेटी भरलेली आहे माझी. दुसरा देऊ, तिसरा देऊ, लागले तर आणखी देऊ. बरा होईल का, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. पण कमी आहे म्हणून तो मरणार नाही. एवढं त्याच्या बहिणीला सांगा, आत्ता, फोन ठेवायच्या आत. मी थांबते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं. दूरवर दोन आवाज, एक पुरुषाचा, एक बाईचा. शब्द कळत नव्हते. मग कुणीतरी जोराने रडलं.

बाईंनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला आणि मोकळ्या हाताने मिस्त्रीला खूण केली. तो पाना खिशात कोंबून शीतपेटीकडे धावला.